मृत जनावरावरील भुंगेरे व त्यांची साक्ष

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पुष्कळशा गावांची शिवारे जंगलास लागून आहेत. चराईस गेलेले एखादे जनावर परत येत नाही व काही दिवसांनी त्याचा अर्धवट खाल्लेला देह आढळतो. ते वाघाने मारले, रोगाने दगावले की विषाने, आणि केव्हा, यावर नुकसानभरपाईचा निर्णय अवलंबून असतो. अशा वेळी मृतदेहावरील कीटक उपयुक्त साक्ष देतात. कीटकांच्या साहाय्याने मृत्यूचा काळ व कारण शोधण्याच्या शास्त्रास न्यायसहायक कीटकशास्त्र म्हणतात. सन १२४७ मध्ये चीनमधील सुंग त्झू यांच्या ग्रंथात माश्यांवरून खुनाचे हत्यार ओळखल्याची नोंद आहे. पुढे १८९४ मध्ये फ्रान्समधील मेन्यँ यांनी मृतदेहावर येणाऱ्या कीटकांचा क्रम मांडला.

कीटकांचा क्रम

प्रथम येतात त्या निळसर-हिरव्या चकाकीच्या माश्या. त्या डोळे, नाक, तोंड व जखमा यांत अंडी घालतात. अळ्या वाढू लागल्या म्हणजे त्यांना खाणारे काळे, चकचकीत, गोलसर भुंगेरे व आखूड पंखांचे लांबट भुंगेरे येतात. मांस संपून कातडी व स्नायुबंध वाळले, की चर्मभक्षक भुंगेरे व लाल पायांचे निळे भुंगेरे आपले काम सुरू करतात. चर्मभक्षक भुंगेरा वरून काळसर व पोटाकडून पांढरा असतो. त्याची अळी तपकिरी व केसाळ असते. कोषावस्थेत जाताना ही अळी लाकडासारख्या कठीण वस्तूतही बीळ करते.

काळाची गणना

कीटकांची वाढ उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून तज्ज्ञ अळीची जात व अवस्था पाहून तेथील तापमानाशी तिचा मेळ घालतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात देह लवकर वाळतो. पावसाळ्यात तो ओला राहतो व चर्मभक्षक भुंगेऱ्यांस उशीर लागतो. यास्तव एका ऋतूतील अनुमान दुसऱ्या ऋतूस लावता येत नाही. देह पाण्यात, सावलीत किंवा मातीखाली असल्यासही फरक पडतो.

विषाचा अंश देह खाणाऱ्या अळ्यांत उतरतो. मांस नाहीसे झाल्यावरही अळ्यांच्या टाकलेल्या काती व कोषांची रिकामी कवचे तपासून त्याचा शोध घेता येतो. सूडापोटी मृत जनावरावर विष टाकणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा ठरतो. शिवाय त्या विषाने गिधाडे, कोल्हे व गावची कुत्रीही मरतात.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. मृत जनावर जागेवरून हलवू नये. वनरक्षक व पशुवैद्यकीय अधिकारी यांस विलंब न करता कळवावे.

२. पंचनामा होईपर्यंत देहावर अथवा भोवती कीटकनाशक, चुना किंवा माती टाकू नये. भोवतालची माती व पालापाचोळाही तसाच राहू द्यावा, कारण अळ्या व कोष तेथेच सापडतात.

३. देह प्रथम केव्हा दिसला, ऊन होते की पाऊस, याची नोंद ठेवावी.

४. जनावर अचानक मरून नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असल्यास फाशी रोगाचा संशय घ्यावा. असा देह चिरू नये, कातडी काढू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावा.

भुंगेऱ्यांची दुसरी बाजू

रानात सफाई करणारे हे कुळ घरात मात्र नुकसान करते. चर्मभक्षक भुंगेरे कातडी व सुकी मासळी खातात. साठविलेल्या धान्याचा शत्रू खापरा भुंगेरा याच कुळातील आहे. टसर रेशमाच्या साठविलेल्या कोषांनाही हे भुंगेरे भोके पाडतात, व अशा कोषापासून अखंड धागा निघत नाही. म्हणून आरमोरीसारख्या टसर केंद्रांतील उत्पादकांनी कोष चांगले वाळवावेत, कोठी स्वच्छ व कोरडी ठेवावी आणि मेलेले किडे व फुटके कोष वेळोवेळी काढून टाकावेत. कोठीजवळ कातडी किंवा सुकी मासळी ठेवू नये.