शिकवणारा कलावंत नसतो का?

प्रश्न : नागभीडजवळच्या गावात मी मुलांना पेटी शिकवतो. त्यातच जीव रमतो. पण मंचावर कधी वाजवलं नाही. मी स्वतःला कलावंत म्हणवू शकतो का?

उत्तर : बेलाशक म्हणवा! तुमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा हे त्यांचं केंद्र. तिथं गायकाला सुरात धरून ठेवणारा ऑर्गनवादकही कुणाकडून तरी शिकलेलाच असतो. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनंसुद्धा गावोगावच्या मंडळांत थोरांकडूनच पोरांपर्यंत पोचतात. एखाद्या मुलाचा ‘सा’ पहिल्यांदा स्थिर लागतो, त्या क्षणाचा तुमचा आनंद कलावंताचाच आहे. मात्र स्वतःचा रियाज सोडू नका. मुलांकडून चाल आधी गाऊन घ्या, मग पेटीवर बोटं ठेवू द्या. आणि यंदाच्या नाटकांच्या हंगामात त्यांना वादकांशेजारी नेऊन बसवाच.