वाटणी झाली तरी बाग टिकली पाहिजे


इटलीत फ्लोरेन्सचं अँतिनोरी घराणं 1385 पासून वाइनच्या धंद्यात आहे. 26 पिढ्या! तरी 1980 च्या दशकात भावंडांनी आपला वाटा काढला आणि तो एका ब्रिटिश कंपनीकडे गेला. पिएरो अँतिनोरींनी पुढे तो परत विकत घेतला. आज अध्यक्षपदी त्यांची थोरली मुलगी अल्बिएरा आहे. (आपल्यात मुलीचं नाव सातबाऱ्यावर तरी लागतं का?)

आपल्याकडे वाटणीत बांध पडतो, बोअर एकाच्या वाट्याला जातो, ड्रीपची लाइन तुटते आणि चालू बाग वाळते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी सगळे घरात बसा. पाण्याची पाळी, औषधाचा खर्च, फवारणीची वही कुणाकडे, हे कागदावर लिहून घ्या. सह्या सगळ्यांच्या, बहिणींच्याही.