जुन्या ट्रकचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बदलताना

सावदा, फैजपूर, रावेर या आपल्या पट्ट्यात ट्रकशिवाय धंदा नाही. केळीचे घड असोत की बुऱ्हाणपूरहून येणाऱ्या कापडाच्या गाठी, माल चाकांवरच फिरतो. आम्ही कापडवाले. पण गाठी ज्या गाडीतून येतात तिचा हिशेब ठेवता ठेवता तिच्या दुरुस्तीची बिलेही वाचावी लागतात. आपल्या बांधवांपैकी कित्येकांकडे एखादी जुनी, दुसऱ्या हाताची गाडी आहे, तर कित्येकजण स्वतः गॅरेज चालवतात. हा लेख दोघांसाठी आहे.

टाटा १२१० च्या जमान्यात स्टिअरिंग बहुधा हाताच्या जोरावर फिरायचे. मग पॉवर स्टिअरिंग आले. १९८१ साली स्थापन झालेल्या झेड.एफ. स्टिअरिंग गिअर (इंडिया) या कंपनीने पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुक येथे कारखाना घातला. दक्षिणेत राणे समूहानेही हे बॉक्स बनवले. काम असे चालते: इंजिनवर फिरणारा पंप तेल दाबाने बॉक्समध्ये पाठवतो. ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवले की आतला व्हॉल्व्ह त्या तेलाला पिस्टनच्या एका बाजूला वाट देतो. पिस्टन सेक्टर शाफ्ट फिरवतो, शाफ्टवरचा ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक ढकलतो आणि पुढची चाके वळतात. हा दाब शंभर बारच्याही पुढे जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दहापटीहून जास्त. म्हणून तेलातला बारीकसा कणही आत ओरखडे पाडतो.

स्टिअरिंग जड झाले की पहिला गुन्हेगार बॉक्सच ठरतो. मालक दुकानात बसलेला असतो, फोनवर "बॉक्स गेला" ऐकतो आणि होकार देतो. बांधवांनो, होकार देण्याआधी चार गोष्टी विचारा. पुढच्या टायरमध्ये हवा बरोबर आहे का? टाकीत तेल पुरेसे आहे का, फिल्टर कधी बदलला? पंपाला पट्टा असेल तर तो ढिला नाही ना? चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन, खाली घोडी लावून, ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा आणि चाके हाताने वळवून पाहा. तरीही ती जड वाटली तर दोष किंगपिनमध्ये आहे, बॉक्समध्ये नाही. केळीच्या मळ्यातल्या काळ्या चिखलातून फिरणाऱ्या गाड्यांत ग्रीसअभावी किंगपिन धरलेले पुष्कळ सापडतील. तिथे नवा बॉक्स बसवणे म्हणजे दाढ दुखते म्हणून चष्मा बदलणे.

दोन्ही बाजूंना सारखेच जड असेल तर आधी पंप तपासावा, एकाच बाजूला जड असेल तर बॉक्सचा संशय बळावतो. चांगल्या मिस्त्रीकडे दाब मोजायचे मीटर असते. ते लावून पंप धड ठरला, तरच बॉक्सकडे वळावे. नुसते तेल गळत असेल तर सील किटवर काम भागू शकते; मात्र शाफ्टवर घाव पडले असतील किंवा बुश झिजला असेल तर नवे सीलही लवकरच गळणार. म्हणून शाफ्ट डोळ्यांनी पाहावा.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातला बॉक्स स्वस्त पडतो, हे खरे. पण कापडाचा पोत बोटांना कळतो, बॉक्सचे पोट बाहेरून कळत नाही. घ्यायचाच असेल तर उघडून, तपासून, लेखी बोलीवर घ्या. नवा असो वा जुना, बॉक्सवरच्या पट्टीचा नंबर आपल्या बॉक्सशी जुळला पाहिजे. बाहेरून सारखे दिसणारे बॉक्स आतून वेगळे असतात.

काढताना चाके सरळ ठेवावीत आणि ड्रॉप आर्म व शाफ्ट यांवर जुळणारी खूण करावी. आर्म पुलरनेच काढावा. घणाचे घाव आणि गॅसची ज्योत येथे हराम समजा. तापलेला आर्म वरून धडधाकट दिसतो, पण त्याचे पाणी उतरलेले असते आणि भरल्या गाडीत तो दगा देतो. वेल्डिंगचे तर नावच नको.

खरी चालढकल होते ती सफाईत. जुन्या बॉक्सचा धातूचा भुगा पाइपांत, टाकीत बसलेला असतो. तो तसाच ठेवून नवा बॉक्स जोडला की तोही लवकरच खराब होतो आणि नाव कंपनीचे खराब होते. पाइप आणि टाकी धुवावी, फिल्टर नवा टाकावा, काढलेले तेल गाळून पुन्हा ओतू नये. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याची वेगळी मजुरी उस्तादाने मागितली तर आनंदाने द्यावी. घासाघीस करण्याची ही जागा नव्हे.

नवा बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि बरोबर मध्यावर आणून मगच आर्म बसवावा. एक दाता चुकला तरी गाडी एकीकडे कमी वळते. बोल्ट टॉर्क पान्याने कसावेत, ड्रॅग लिंकची स्प्लिट पिन नवीच घालावी. चॅसिसला बॉक्सजवळ तडा आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. तेल कंपनीच्या पुस्तकात सांगितले तेच, घरात उरलेले इंजिन ऑइल नव्हे. पुढची चाके उचललेली ठेवून, इंजिन हळू चालवत स्टिअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवावे, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. टोकाला दाबून धरू नये, पंप तापतो. ॲक्सलचे स्टॉप बोल्ट आणि बॉक्समधली मर्यादा यांचा मेळही घालावा लागतो, नाहीतर पूर्ण वळणावर सारा दाब लोखंडावर येतो.

ड्रायव्हरांसाठी एक ताकीद. डिझेल वाचवायला बिजासन घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग आहेत. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. स्टिअरिंग अडकत नाही, पण वळणावर ते ओढायला दोन हात पुरत नाहीत. ब्रेकची हवाही भरायची थांबते.

आठ वर्षांवरील मालगाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते आणि स्टिअरिंगही त्यात तपासले जाते. तेव्हा बिलावर बॉक्सचा नंबर लिहून घ्यावा. पहिली भरली फेरी करून गाडी परत आली की दुसरा माल भरण्यापूर्वी ती मिस्त्रीकडे न्यावी: बॉक्सचे सर्व बोल्ट पुन्हा कसून पाहावेत, तेलाची पातळी बघावी आणि पाइपांचे जोड कोरड्या फडक्याने पुसून कुठे ओल येते का ते पाहावे.