हँडब्रेकच्या केबल जुळत नाहीत, काय करू?

प्रश्न : माझ्या जुन्या जीपला हँडब्रेकच्या दोन केबल वेगवेगळ्या मापाच्या मिळाल्यात. तशाच बसवल्या तर चालतील का? गाडी रोज जोतिबाच्या घाटात असते.
– एक वाचक, वाडी रत्नागिरी

उत्तर : लगेच बसवू नका. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. तुमचा मागच्या चाकांवर असेल, तर जुन्या केबल शेजारी ठेवून मापं घ्या. काही गाड्यांत डावी-उजवी लांबी मुळातच वेगळी असते. बाहेरचं कव्हर आणि टोकाला मोकळी राहणारी तार वेगवेगळी मोजा, घोटाळा बहुतेकदा इथेच होतो. तारेत फरक असला, की लिव्हर ओढताना दोन्ही केबल जोडणारी पट्टी तिरकी होते आणि एकच चाक धरतं. नट आवळून हा फरक भरून काढू नका. लायनर घासत राहतील, ड्रम तापेल. तारेला वेल्डिंग तर मुळीच नको. आधी लायनर सेट करा, मग केबल ताणा. पुढच्या चाकांना ओट लावून मागची दोन्ही उचला : लिव्हर ओढल्यावर ती सारखी अडली पाहिजेत, सोडल्यावर मोकळी फिरली पाहिजेत. तोवर चैत्र यात्रेच्या गर्दीत गाडी उतारावर लावू नका.