मावळा दारातून आत कसा जाणार?

मागच्या दिवाळीआधी शाळेत किल्ला करताना चौथीतल्या एकाने विचारलं, "बाई, मावळा दारापेक्षा उंच आहे. तो आत कसा जाणार?" सगळे हसले, पण आमचा गणिताचा तास तिथेच सुरू झाला.

१. आधी मावळा मोजा. आमचा ४ इंचांचा होता. दार माणसाच्या दुप्पट उंच हवं, म्हणजे ८ इंच. तटबंदी त्याहून उंच.

२. दगड-विटा रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका. डोंगराला आकार येतो.

३. दार समोर नको. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे, लांबून दिसत नाही. असं का, हे मुलांनाच विचारा.

४. हळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी पेरा, पाणी शिंपडत राहा.

५. रंग उडालेले जुने मावळे टाकू नका. आधी पांढरा हात द्या, वाळल्यावर रंगवा. डोळे शेवटी, काडीच्या टोकाने.

पालकांनो, तयार किल्ला विकत आणला तर तो छान दिसेल, पण 'आत कसा जाणार?' हा प्रश्न पडणार नाही. चिखलात हात मुलांचेच असू द्या.