रामटेकला खायला जा: चौघांचा दोन दिवसांचा हिशेब

नागपूरकर रामटेकला जातात ते दर्शनाला. गड चढायचा, घरचा डबा खायचा आणि दिवेलागणीच्या आत परतायचे. माझे म्हणणे, एक रात्र तिथे राहा आणि खायला म्हणून जा. नवरा-बायको आणि शाळकरी दोन मुले धरली, तर साधारण ७००० रुपयांत हे उत्तम जमते. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, थोडेफार पुढेमागे होतील.

रामटेक नागपूरहून जेमतेम ५० किलोमीटर. इतवारीहून सुटणारी गाडी सर्वांत स्वस्त, माणशी १०-१५ रुपये, फक्त वेळा आधी पाहून घ्या. एसटीचे पूर्ण तिकीट नव्वदच्या आसपास आहे. महिलांना अर्धे, १२ वर्षांच्या आतल्या मुलांनाही अर्धे, म्हणजे चौघांचे जाऊन-येऊन साडेचारशे. पण खिंडसी तलाव आणि नगरधनच्या किल्ल्याला ऑटो केला की त्यावर पाच-सहाशे चढतात. घरची कार दोन दिवसांत दीडशे किलोमीटर फिरेल, पेट्रोल ११०० रुपयांचे. खर्च जवळपास तेवढाच, त्यामुळे मुले बरोबर असतील तर कारच बरी.

राहण्यावर फार पैसे घालू नका. जादा गादीसह स्वच्छ खोलीला १८०० पुरेत. भाडे ठरवताना जीएसटी धरून सांगता का, हे विचारा.

जेवणासाठी ३६०० ठेवा. त्यातला मोठा वाटा, १२०० रुपये, शनिवारी दुपारच्या मासळीचा. खिंडसी तलावाच्या बाजूला ढाब्यावर रोहू, कतला मिळतो. तिथे बसून ‘काय आहे?’ विचारलेत तर सकाळचे तळण गरम करून येण्याची शक्यता जास्त. सकाळी फोन करून मासा सांगून ठेवा आणि तीन गोष्टी आधीच पक्क्या करा: वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे, भाव नुसत्या माशाचा की तेल-मसाला धरून, आणि भाकरी-भात वेगळा का. डोक्याचा रस्सा आणि बाकीचे तुकडे तळून, असे सांगा. एका माशात दोन पदार्थ होतात. साधारण दीड किलोचा मासा चौघांना पुरतो.

रात्री गावात शाकाहारी जेवा: पाटोडीचा रस्सा, भाकरी, आणि कोणी करून देत असेल तर वडा-भात, वरून हिंगाच्या फोडणीचे कडकडीत तेल. ६०० रुपयांत भागते. दोन्ही सकाळचे तर्री-पोहे आणि चहा मिळून ५००. रविवारी परतताना सावजीला ११०० ठेवा. मटण तिखट असते, मुलांसाठी रस्सा वेगळा काढायला सांगा. उरलेले २०० शिंगाडे आणि पानांना. थंडीच्या सुरुवातीला तलावातले शिंगाडे उकडून विकायला येतात. काळे टरफल दाताने फोडून आतला पांढरा गर खायचा. पानमळे हे तर रामटेकचे जुने वैभव. इथले कपुरी पान पूर्वीपासून बाहेरगावी जाते. घरी न्यायची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून घ्या.

५०० रुपये नौकाविहार आणि किरकोळ खर्चाला. झाले सात हजार.

भूक लागायला चालायला हवेच. गडावर रविवारी सकाळी आठच्या आत चढा, हातात खाऊ घेऊ नका, माकडे ओढून नेतात. वाटेवरची नृसिंहाची दोन मंदिरे वाकाटककालीन आहेत, पाचव्या शतकातली; बरेच लोक ती न पाहताच वर जातात. नगरधनच्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा सापडली, तशी शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांची हाडेही. इथे मांसाहार आजचा नाही, हे मुलांना जरूर सांगा.

एखाद्या रिसॉर्टने बिलात सेवाशुल्क लावले तर ते काढायला सांगा. ते देणे बंधनकारक नाही, आणि ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

श्रावणात सामिष जेवणाचे ठिकाण उघडे आहे ना, हे विचारून निघा. एप्रिल-मे टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. मात्र त्रिपुरी पौर्णिमेला यात्रा भरते, त्या आठवड्यात जायचे असेल तर खोली महिनाभर आधी ठरवा.