तूप फेसायला घे, ओव्हनचं नंतर बघू

अगं, ओव्हन नाही म्हणून यंदा नानकटाई नाही, हे तुझं कारण मला मुळीच पटलेलं नाही. आपल्या भडगावात आई-आज्यांच्या घरी ओव्हन होता कधी? चूल होती, तवा होता, मांड्यांचं खापर होतं, तळणाची कढई होती. तरी दिवाळीला आणि ईदेला घरोघरी बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरलेले असायचेच. घरचं पीठ, घरचं तूप, घरची साखर पिशवीत घालून बायका बेकरीच्या भट्टीवर जायच्या आणि मजुरी देऊन भाजून आणायच्या. अजूनही जातात. तूही जा. आणि भट्टी नकोच असेल तर कढईत कर, तेही सांगते. पण करायची राहू देऊ नकोस.

आधी भट्टीचं ऐक, कारण तिथली चव घरी येत नाही. लाकडाची भट्टी पावासाठी चांगली कडक तापवतात. पाव निघाले की जाळ ओढून घेतात आणि मग विटांमध्ये मुरलेली धग हळूहळू उतरायला लागते. नानकटाईला हीच उतरती धग लागते. कडक आचेवर ती वरून लाल होते आणि पोटात कच्ची राहते. म्हणून पावाच्या वेळेला जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. भटारीदादांना आदल्या दिवशी विचारून ये, ‘भाऊ, नानकटाई कधी लावता?’ ते वेळ सांगतील, मजुरीचा किलोमागचा दरही तेव्हाच ठरवून घे.

सामान घरूनच तोलून ने. मैदा दोनदा चाळलेला, साखर घरी दळून चाळलेली, वेलदोडा कुटलेला. किलोभर पिठाला अर्धा किलो पिठीसाखर आणि सहाशे ग्रॅमच्या आसपास तूप, हे प्रमाण सहसा दगा देत नाही. एवढ्यात शंभरेक नानकटाया होतात. आणि हो, तिथे थांब. डबा देऊन बाजारात निघून जाऊ नकोस. आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना हे बघायला थांबायचं, हे तर आहेच. पण चार जणींच्या पराती शेजारी शेजारी असतात, कुणाचा पत्रा कुठला ते ओळखायला लागतं. म्हणून कुणी वर चारोळी दाबतं, कुणी काट्याने रेघ ओढतं, कुणी नावाची चिठ्ठी ठेवतं. तू पिस्त्याचा तुकडा लाव. तिथे बसल्या बसल्या कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या शेतातली कापसाची वेचणी, सगळं कळतं. नव्या सुनेला गाव कळायला यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

आता तुपाकडे ये. बाकी सगळं थोडं इकडे-तिकडे झालं तर चालेल, तुपात हयगय नको. डालडा घालून नानकटाई देखणी होते, स्वस्त पडते, म्हणून बेकरीवाले तोच वापरायचे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली, त्याआधी ती ३ टक्के होती आणि त्याआधी त्याहून जास्त. तेव्हा आजचा डालडा पूर्वीइतका वाईट नाही. तरीही ज्यांना आपण प्रेमाने डबा देणार त्यांच्या तोंडात साजूक तूपच जाऊ दे. खर्च वाढतो हे मान्य. मग नग कमी कर. अर्ध्या किलोऐवजी पाव किलो पिठाच्या कर, पण तूप बदलू नकोस.

तूप नीट थिजलेलं, रवाळ पाहिजे. आपल्याकडे अडचण होते ती इथेच. थंडीत, दिवाळीनंतर, तूप आपोआप घट्ट असतं. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तुपाचं तेल होऊन बसतं. पातळ तुपात साखर नुसती भिजते, हवा धरत नाही, आणि नानकटाया पत्र्यावर पसरून एकमेकींना चिकटतात. म्हणून उन्हाळ्यात करणार असशील तर तूप थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव, बाहेर काढ आणि परात गार पाण्याच्या घमेल्यात ठेवून फेसायला बस. पहाटे लवकर कर, दुपारी नको.

फेसणं म्हणजे नुसतं ढवळणं नव्हे. पसरट परातीत तूप घे, तळहाताच्या खालच्या भागाने एकाच दिशेने घासत जा. आधी पिवळट दिसतं. मग फिकं होतं. हाताला जड लागणारं तूप एकदम हलकं लागायला लागतं, परातीच्या कडेला पांढरी रेघ उरते. तेव्हा पिठीसाखर दोन-तीनदा करून घाल आणि पुन्हा फेस. वाटीभर पाण्यात चिमूटभर टाकून बघ. तरंगलं की झालं. ही हवाच पुढे धगीत फुगते आणि वर त्या भेगा पडतात, ज्या बघून सासूबाई न चाखताच मान डोलावतात. तुपात पाणी जवळपास नसतं, म्हणून मैद्याला चिकटपणा यायला वाव मिळत नाही. मैदा घातल्यावर मात्र मळायचं नाही. पोळीच्या कणकेसारखी रगडलीस तर नानकटाई दगड होणार. बोटांनी नुसती गोळा कर, लिंबाएवढा गोळा वळ, हलक्या हाताने दाब. गोळा फुटत असेल तर अर्धा चमचा दूध, त्यापेक्षा जास्त नको.

पिठाच्या बाबतीत माझं मत जरा ठाम आहे. पहिल्यांदा करशील तेव्हा चार भाग मैदा, एक भाग बेसन. बेसनाने खमंगपणा येतो. हात बसला की आपली दादर घाल. गिरणेच्या, तापीच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणारी ही ज्वारी आपल्या घरात भाकरीसाठी असतेच. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं आणि शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटं महाग भावाने दिसायला लागली. आपल्या कोठीत तर ती आधीपासूनच आहे. पीठ बारीक दळून आण, तव्यावर मंद आचेवर कोरडंच भाज, गार करून चाळ. ज्वारीत मैद्यासारखा चिकटपणा नसतो, म्हणून निम्म्यापेक्षा जास्त घातलीस तर उचलताना भुगा होतो. निम्मी दादर, निम्मा मैदा-बेसन, हे मला सगळ्यात आवडतं. खरपूस लागते आणि गोडीही थोडी वेगळीच.

केळं घालू का, असं तू विचारणारच, जळगाव जिल्ह्यात राहून न विचारशील तरच नवल. पिकलं केळं कुस्करून घातलंस की बिस्किट मऊ होणार, कारण केळ्यात पाणी भरपूर. तसं मऊ मुलांना आवडतं, त्याच दिवशी संपवायचं. कुरकुरीत हवं असेल तर कच्च्या केळ्याच्या चकत्या वाळवून केलेलं पीठ थोडं घाल. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कजगावच्या, रावेर-यावलच्या बागांमधली केळी देशभर जाते. पण भावाचं काही सांगता येत नाही. भाव कोसळतो तेव्हा चकत्या वाळवून ठेवणं शहाणपणाचं.

घरी करायची तर कुकर नको. पाणी न घालता तापवला की रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही बिघडतात, मग उद्या डाळ शिजवताना धोका. जाड बुडाची कढई घे, तळाला जाड मिठाचा बोटभर थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू दे. ताटलीला तूप लावून नानकटाया दोन-दोन बोटं अंतरावर मांड, ठेव, आच अगदी बारीक कर. वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये सारखं झाकण उघडू नकोस, आतली धग निघून जाते. खालची बाजू बदामी झाली आणि घरभर तुपाचा वास सुटला की बंद कर. वरून बोट लावशील तर मऊ लागेल, घाबरू नकोस आणि पुन्हा भाजायलाही ठेवू नकोस. गार झाल्यावरच ती खुटखुटीत होते. गरम असताना उचलायची नाही, मोडते. ते मीठ बरणीत भरून ठेव, पुढच्या वेळी तेच चालतं.

पाव किलो पिठाच्या कढईतून पंचवीस-तीस निघतात, त्या दोन-तीन घाण्यांत. भट्टीतून शंभर. तुला सोयीचं काय ते तू बघ, पण मला विचारशील तर वाटायच्या असतील तेव्हा भट्टी. शंभर नानकटाया एका घरात संपत नाहीत, त्या आपसूक दारोदार जातात. सुरतेहून आलेला आपला कुणी पाहुणा नानकटाईचा पुडा घेऊन येतो ना, तोही असाच चहूकडे वाटला जातो. नानकटाई मूळची सुरतेचीच, डच व्यापाऱ्यांच्या बेकऱ्यांमधून पारशांच्या हाती आलेली, असं सांगतात. तिथली दोतीवाला बेकरी १८६१ पासूनची. सुरतेच्या उधना, लिंबायतला आपली किती खानदेशी माणसं कामाला गेली, तिथलीच झाली. त्यांच्या पिशवीतून ती आपल्या घरात आली तर आश्चर्य कसलं.

आता वाटण्याचं. हे मला तुझ्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे, कारण तुझा जीव इथेच अडकतो हे मला दिसतं. जेठाणीला कशी वाटेल, नणंद नावं ठेवेल का, शेजारच्या काकूंनी दिलेल्या करंज्या किती सुरेख होत्या, असा विचार करत तू डबा तसाच ठेवतेस आणि चौथ्या दिवशी देतेस. तोवर त्यातला ताजेपणा गेलेला असतो. नको असं करूस. गार झाल्या की त्याच दिवशी दे. सहा-आठ पुरेत. मोठा डबा दिला की समोरची बाई दडपते, आता मला एवढं काय द्यावं लागणार म्हणून. छोट्या वाटीचा कुणाला भार होत नाही. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. कुणी वाटीत चार लिंबं घालेल, कुणी बिबड्या, कुणी शेवग्याच्या शेंगा वर ठेवेल. ते आनंदाने घे, हिशोब ठेवू नकोस.

पहिली वाटी कुणाला द्यायची तेही सांगते. ज्यांच्या घरी यंदा फराळ होणार नाही त्यांना. गल्लीत कुणाकडे दुखवटा असेल, कुणी एकटी म्हातारी असेल, ज्यांची मुलं पुण्याला नोकरीला आणि दिवाळीलाही येणार नाहीत असे आई-वडील असतील. त्यांच्याकडे आपण स्वतः जायचं, मुलाच्या हातून पाठवायचं नाही. दहा मिनिटं बसायचं. म्हातारीला दात नसतील तर चहात बुडवून खाईल, म्हणेल, ‘बेस शे व माय.’ ईदेला ज्यांच्याकडून आपल्याला शीरखुर्मा येतो त्या घरी दिवाळीची नानकटाई आधी गेली पाहिजे, हे तर वेगळं सांगायला नकोच. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांना मात्र ‘साखर कमी घातली आहे’ म्हणून आग्रह करू नकोस. मैदा आणि तूप आहेच त्यात. त्यांच्यासाठी भाजलेले शेंगदाणे वेगळे बांधून ने. माणूस लक्षात ठेवून आणलं, एवढं त्यांना पुरतं.

पुण्या-मुंबईला पाठवायच्या असतील तर कजगाव किंवा चाळीसगावहून गाडीने जाणाऱ्या कुणाच्या हाती दे. डब्याच्या तळाला कागद, प्रत्येक थरावर कागद, वर मोकळी जागा उरली तर कागदाचा बोळा, म्हणजे हादऱ्याने चुरा होत नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. आतली वाफ अडकली की सादळतात. पावसाळ्यात तर डबा उघडा राहिला की तासाभरात मऊ. सादळल्याच तर कढईत पाच मिनिटं पुन्हा गरम कर, परत खुटखुटीत होतात.

एकदा हात बसला की लोक म्हणतील, ‘ऑर्डर घे ना, पैसे मिळतील.’ घ्यायच्या असतील तर जरूर घे. बचत गटातल्या बायका असंच करून संसाराला हातभार लावतात, त्यांचं मला कौतुकच आहे. फक्त ऑर्डरचा घाणा वेगळा आणि आपल्या माणसांचा वेगळा ठेव. विकायच्या नानकटाया मोजाव्या लागतात, आणि मोजायची सवय लागली की वाटीत आठच्या सहा होतात.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात भट्टीवर नंबर लागणं कठीण. वसुबारसेच्या आधीच विचारून ये. दादर मी दळून ठेवते, माझंही किलोभर तुझ्यासोबत लावू. आणि तूप रात्रीच मोजून ठेव, सकाळच्या धांदलीत अंदाजाने घालू नकोस.